मांसाच्या वर्णपटावर किती भिस्त ठेवावी?

विक्रेत्याचे प्रात्यक्षिक बहुधा ठरलेले असते. वाटीभर खिमा यंत्रात ठेवायचा, झाकण लावायचे, की मिनिटभरात पडद्यावर चरबी, पाणी आणि प्रथिने यांचे टक्के दशांशासह उमटतात. हेच आकडे प्रयोगशाळेतून मिळवायचे तर पाण्यासाठी नमुना १०० अंशांच्या आसपास भट्टीत रात्रभर वाळवावा लागतो. चरबीसाठी सॉक्सलेटच्या काचेच्या उपकरणात कित्येक तास इथर फिरवावे लागते. प्रथिनांसाठी केल्डालच्या पद्धतीने नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळून त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचे. तोवर ज्या मालाचा नमुना घेतला तो मिक्सरमधून पुढे जाऊन, गोठून, खोक्यात बंद झालेला असतो. त्यामुळे सॉसेज-नगेट्स करणारा कारखानदार किंवा म्हशीच्या मांसाचा निर्यातदार या यंत्रावर भाळला तर नवल नाही. अशी खरेदी करू पाहणाऱ्यांना, आणि खरेदी झाल्यावर यंत्रासमोर बसणाऱ्या गुणवत्ता विभागातल्या मंडळींना, माझे सांगणे एवढेच आहे की यंत्राच्या किमतीइतकाच हिशेब त्याला शिकवण्याच्या खर्चाचा करा. तो खर्च झेपणार नसेल तर यंत्रही घेऊ नका.

आधी यंत्र पाहते काय ते समजून घेऊ. डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या रंगाच्या पलीकडचा, साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटर या पट्ट्यातला निकट-अवरक्त प्रकाश मांसावर टाकला की त्यातला काही परत येतो, काही आरपार जातो आणि काही रेणू शोषून घेतात. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ९७०, १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास शोषतो. चरबीतला कार्बन-हायड्रोजन बंध १२१०, १७२५ आणि २३१० च्या आसपास. प्रथिनांतला नायट्रोजन-हायड्रोजन बंध २०५० आणि २१८० च्या जवळपास. कागदावर हे सुटसुटीत दिसते. पण बिनचरबीच्या मांसात जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणीच असते, त्यामुळे पाण्याचे रुंद पट्टे बाकीच्यांना झाकून टाकतात. शिवाय स्नायूंच्या तंतूंवरून आणि चरबीच्या कणांवरून प्रकाश विखुरतो, तो गोंधळ वेगळाच. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात धान्यातल्या ओलाव्यावर काम करताना या गुंत्यातून वाट काढली. एका शिखरावर विसंबण्याऐवजी अनेक तरंगलांबींवरची शोषणे गणिताने एकत्र बांधायची आणि प्रयोगशाळेच्या आकड्यांशी जुळवायची, ही ती वाट. आजची यंत्रेही तिनेच जातात. म्हणजे यंत्र चरबी मोजत नाही. शेकडो नमुन्यांचे वर्णपट आणि त्याच नमुन्यांचे सॉक्सलेटचे आकडे शेजारी ठेवून बांधलेल्या समीकरणावरून चरबीचा अंदाज सांगते. कोंबडी नुसती हातात धरून वजन सांगणारा जुना दुकानदार असाच असतो. हजारो कोंबड्या काट्यावर घालून त्याचा हात बसलेला असतो, आणि त्याच्या हाती बदक दिले की तो चुकतो. समीकरण बांधण्याच्या या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. सगळी मेख तिथेच आहे.

हा अंदाज किती चांगला असू शकतो? खिम्यातल्या चरबी, पाणी आणि प्रथिनांच्या बाबतीत, फारच चांगला. विश्लेषणाच्या पद्धती प्रमाणित करणाऱ्या एओएसी या संस्थेने मांसातली चरबी, पाणी आणि प्रथिने ठरवण्यासाठी फॉस कंपनीच्या फूडस्कॅन या निकट-अवरक्त यंत्राची पद्धत २००७.०४ या क्रमांकाने अधिकृत पद्धतींत घेतली. अनेक प्रयोगशाळांनी तेच नमुने स्वतंत्रपणे तपासून आकडे जुळवल्याशिवाय असा क्रमांक मिळत नाही. हे यश का मिळते तेही पाहण्यासारखे आहे. घटक टक्क्यांच्या पातळीवर असतात, त्यांचे रासायनिक बंध या प्रकाशात थेट दिसतात, मांस दळून एकजीव केलेले असते, आणि ज्याच्याशी तुलना करायची ती प्रयोगशाळेची पद्धतही नेमकी असते. चारही गोष्टी जमून आल्या आहेत. यातली एखादी निसटली की अंदाज घसरतो, आणि किती घसरतो हे कोणती निसटली त्यावर अवलंबून राहते.

मऊपणाच्या बाबतीत त्या जवळजवळ सगळ्याच निसटतात. मांस किती मऊ शिजेल हे ठरवण्याची प्रचलित पद्धत वॉर्नर-ब्रात्झलर यांच्या नावाची आहे: मांस शिजवायचे, गार करायचे, तंतूंच्या दिशेने सुमारे १.२७ सेंटिमीटर व्यासाचे गोल तुकडे काढायचे आणि ते आडवे कापायला पात्याला किती जोर लागतो ते मोजायचे. एकाच कापातल्या दोन तुकड्यांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून अनेकांची सरासरी धरतात. संयोजी ऊतींतले कोलॅजन, तंतूंचे आकुंचन, कापल्यानंतर थंडीत मुरवलेले दिवस, शिजवण्याची रीत या सगळ्यांचा मिळून मऊपणा बनतो. त्याचा स्वतःचा असा रासायनिक बंध नाही. दळल्यावर तर तंतूंची रचनाच मोडते, म्हणजे जे पाहायचे तेच जाते. प्रिएतो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘मीट सायन्स’ या नियतकालिकात तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्याचा निष्कर्ष हाच होता: रासायनिक घटकांचे अंदाज भरवशाचे, मऊपणा, पाणी धरून ठेवण्याची क्षमता आणि चाखून दिलेले गुण यांचे तोकडे. कारणांत नमुन्यांची असमानता आणि मूळ मोजमापातली ढिलाई ही दोन्ही होती. ज्या गुरूचेच आकडे डळमळीत आहेत त्याच्याकडून शिकलेले यंत्र गुरूपेक्षा सरस निघावे, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

इथे एक लहानसे गणित विक्रेत्यासमोर बसून करावे. नमुन्यांमध्ये मुळात जितका फरक आहे त्याला यंत्राच्या चुकीने भागायचे. या गुणोत्तराला आरपीडी म्हणतात. समजा तुमच्या खिम्यातली चरबी नमुन्यागणिक ५ टक्क्यांच्या प्रमाण विचलनाने बदलते आणि यंत्राची चूक ०.५ टक्का आहे. गुणोत्तर १० आले, म्हणजे यंत्र खरोखर काम करते आहे. आता मऊपणाचे प्रमाण विचलन १ किलो आणि यंत्राची चूक ०.८ किलो धरा. गुणोत्तर १.२५. अशा वेळी यंत्र बंद ठेवून प्रत्येक नमुन्याला सरासरीचाच आकडा चिकटवणारा माणूसही जवळपास तेवढाच बरोबर ठरेल. गुणोत्तर ३ च्या खाली असेल तर त्यावर मालाची प्रतवारी सोडू नये, ढोबळ चाळणी करायची तर करावी. माहितीपत्रकात आरपीडी सहसा नसते. तिथे सहसंबंधाचा ०.९ च्या पुढचा आकडा ठळक छापलेला असतो. तो आकडा फुगवणे सोपे आहे. दोन टक्के चरबीचे चिकन आणि तीस टक्के चरबीचे सॉसेज एकाच आलेखावर घातले की सहसंबंध उत्तमच येणार. तुम्हाला १८ आणि २० टक्क्यांतला फरक ओळखायचा असेल तर त्या आलेखाचा काडीचा उपयोग नाही.

यावर हल्ली हमखास येणारे उत्तर म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता: जुनी समीकरणे अडली तिथे नवे अल्गोरिदम वाट काढतील. हे सरसकट झटकून टाकता येत नाही, कारण वर सांगितलेल्या एओएसीच्या पद्धतीतही कृत्रिम न्यूरल नेटवर्कच वापरले आहे. मात्र तिथे त्याच्या पाठीशी भरपूर आणि नेमके तपासलेले नमुने आहेत. चाळीस-पन्नास नमुन्यांवर लवचीक अल्गोरिदम लावला तर तो मांसाऐवजी त्या नमुन्यांचेच पाठांतर करतो. हे पाठांतर झाकले जाते ते बहुधा एकाच चुकीमुळे. एका बोकडाच्या पाच कापांचे वर्णपट घेतले आणि नंतर सगळे नमुने सरमिसळ करून काही शिकवण्यासाठी, काही परीक्षेसाठी काढले, तर त्याच बोकडाचे तीन काप शिकवणीत आणि दोन परीक्षेत जातात. यंत्र बोकड ओळखते आणि आपण समजतो की चरबी ओळखली. म्हणून कोणताही अहवाल समोर आला, मग तो कंपनीचा असो की विद्यापीठाचा, की एकच प्रश्न विचारा: परीक्षेतली जनावरे शिकवणीत होती का? नमुने जनावरानुसार, त्याहून बरे म्हणजे कत्तलीच्या दिवसानुसार वेगळे केलेले असावेत. उत्तरात चालढकल झाली तर तो अहवाल बाजूला ठेवावा.

तयार कॅलिब्रेशनचा प्रश्न आपल्याकडे आणखी अवघड होतो. परदेशी यंत्राबरोबर येणारे कॅलिब्रेशन प्रामुख्याने तिकडच्या गोमांस, डुकराचे मांस आणि कोंबडी यांवर बांधलेले असण्याची शक्यता मोठी. महाराष्ट्रात प्रक्रियेला येते ते म्हशीचे मांस, शेळी-बोकडाचे मटण आणि ब्रॉयलर. म्हशीचे मांस गोमांसापेक्षा गडद असते, तंतूंमध्ये चरबी कमी असते आणि असलेली चरबी पिवळसर नसून पांढरी असते. मटणही तसे कमी चरबीचेच. ब्रॉयलरचे कॅलिब्रेशन त्यातल्या त्यात लवकर रुळते. म्हणून तयार कॅलिब्रेशनला सुरुवातीचे भांडवल समजावे आणि त्यात आपले नमुने मिसळावेत. शंभरएक नमुन्यांपासून हे काम सुरू होते, पण आकड्यापेक्षा पसारा महत्त्वाचा. सगळे नमुने १५ टक्के चरबीच्या आसपासचे असतील तर पाचशे घेऊनही ८ टक्क्यांचा माल आला की यंत्र बावचळेल. चरबीच्या प्रमाणाच्या दोन्ही टोकांचे नमुने मुद्दाम तयार करा: निव्वळ लाल मांस आणि छाटलेली चरबी वेगवेगळ्या प्रमाणात दळून. उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले जनावर, वेगवेगळ्या पुरवठादारांचा माल, ताजा आणि गोठवून सोडवलेला, हे सगळे त्यात यायला हवे. प्रत्येक नमुन्याचे रासायनिक विश्लेषण एनएबीएल मान्यता असलेल्या एकाच प्रयोगशाळेतून आणि दुहेरी करून घ्या. दोन निकालांतले अंतर हीच त्या प्रयोगशाळेची खरी ओळख. हे काम एकट्याने झेपत नसेल तर दोन-तीन कारखान्यांनी मिळून करावे, किंवा नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठासारख्या संस्थेशी बोलून पाहावे. मसाला, सोया किंवा फॉस्फेट घातलेल्या मिश्रणाला मात्र वेगळे कॅलिब्रेशन लागते, मूळ मांसाचे त्याला चालत नाही.

कॅलिब्रेशन उत्तम असूनही आकडे बिघडतात ते बहुतेकदा वाटी भरताना. खिमा ४ अंशांच्या शीतगृहातून निघून मुंबईच्या जुलैच्या हवेत आला की वाटीच्या काचेवर क्षणात बाष्प धरते. ते पुसले नाही तर प्रकाश आधी त्या थराला भेटतो आणि पाण्याचा आकडा चढतो. काच पुसली पण बोटाची चरबी तिच्यावर राहिली तर चरबीचा आकडा चढतो. वाटी सैल भरली की मध्ये हवेचे बुडबुडे राहतात आणि तिथे प्रकाश भलतीकडेच विखुरतो. फार दाबून भरली तर रस सुटून कडेला जमतो. पाण्याचे शोषण तापमानाबरोबर सरकते, कारण रेणूंमधले हायड्रोजन बंध सैलावतात. म्हणून २ अंशांचा आणि १५ अंशांचा खिमा यंत्राला दोन निराळे पदार्थ वाटू शकतात. तापमान एक ठरवा आणि तेच पाळा, नाहीतर कॅलिब्रेशनमध्येच सगळी तापमाने आणा. दिसणाऱ्या प्रकाशाचा पट्टाही वापरत असाल तर वेळेचेही बंधन लागते. ताज्या कापाचा रंग जांभळट असतो. हवेतला ऑक्सिजन मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याला चिकटला की अर्ध्याएक तासात तो लालभडक होतो आणि ५४० व ५८० नॅनोमीटरजवळ शोषणाची जोडशिखरे उभी राहतात. पुढे दिवसागणिक तपकिरी छटा येते आणि ६३० च्या आसपास नवे शोषण दिसू लागते. कापल्यापासून किती मिनिटांनी वर्णपट घ्यायचा हे भिंतीवर लिहून ठेवले नाही, तर सकाळच्या आणि दुपारच्या पाळीचे आकडे आपापसात भांडत राहतील.

आता जी कामे या यंत्राला सांगूच नयेत ती. साल्मोनेलासारखा जंतू २५ ग्रॅम नमुन्यात एकही नसावा असा निकष असतो, आणि निकट-अवरक्त प्रकाशाला साधारण हजारात एक भागाखालचे काही धड दिसत नाही. दोन्हींतले अंतर इतके प्रचंड आहे की कोणतेही गणित ते भरून काढणार नाही. ‘ताजेपणा’ सांगणारी यंत्रे जंतू पाहत नाहीत; जंतूंची संख्या ग्रॅममागे कोटीच्या घरात गेल्यावर मांसाच्या पृष्ठभागात जे बदल होतात ते पाहतात, आणि तोवर नाकालाही कळलेले असते. प्रतिजैविकांचे अवशेष अब्जांश भागांत मोजतात, तेही आवाक्याबाहेरच. जनावराची जात ओळखण्याचे दावे शोधनिबंधांत बरेच आहेत. पण २०१३ च्या जानेवारीत आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोमांसाच्या बर्गरमध्ये घोड्याचे मांस सापडल्याचे जाहीर केले, एका बर्गरमध्ये तर २९ टक्के, ते डीएनए चाचणीच्या जोरावर. न्यायालयात टिकायचे असेल तर आपल्याकडेही डीएनएच लागेल, आणि त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणांचा रस्ता धरावा. वर्णपटाने फार तर कोणता नमुना तिकडे पाठवायचा ते ठरवावे. एक सन्माननीय अपवाद आहे: गवत खाणाऱ्या जनावराच्या शेणात हरितद्रव्याचे अवशेष असतात आणि निळसर प्रकाशात ते ६७० नॅनोमीटरच्या आसपास तांबडे चमकतात, त्यामुळे धडावर डोळ्यांना न दिसणारा शेणाचा डाग प्रकाशमापनाने सापडतो. हे निकट-अवरक्त शोषण नव्हे, प्रतिदीप्ती आहे, आणि तीही जंतू दाखवत नाही. कुठे छाटायचे तेवढे दाखवते. मांस स्वच्छ राखण्यात मात्र तेवढेही पुष्कळ होते.

एवढी कुंपणे घातल्यावर कोणीही म्हणेल की मग प्रयोगशाळाच काय वाईट? या आक्षेपाला उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते, कारण प्रयोगशाळेची नेमकेपणाची प्रतिष्ठा मालाच्या बाबतीत अर्धवट खरी आहे. धरा, मिक्सरमधल्या ५०० किलो खिम्यात जागोजागी चरबी १.५ टक्क्यांच्या प्रमाण विचलनाने बदलते आहे. सॉक्सलेटची चूक ०.२ टक्केच आहे, पण तुम्ही एका जागचा एकच नमुना पाठवलात. तर संपूर्ण मालाबद्दलची तुमची चूक साधारण १.५ टक्केच राहणार. सॉक्सलेटचा नेमकेपणा त्या एका मुठीपुरता. उलट ०.५ टक्का चुकणाऱ्या यंत्रावर दहा जागचे दहा नमुने घेतले तर नमुन्यांमुळे येणारी चूक ०.४७ वर येते, यंत्राची ०.१६ वर, आणि दोन्ही मिळून ०.५ टक्का. कमी नेमक्या साधनाने तिप्पट चांगले उत्तर दिले, तेही माल मिक्सरमध्ये असताना, म्हणजे लाल मांस वाढवून दुरुस्त करता येते तेव्हा. यात एक अट दडलेली आहे: यंत्राची चूक कधी वर कधी खाली अशी असावी. ती सतत एकाच बाजूची असेल तर दहा काय, हजार नमुन्यांनीही सरासरीत विरणार नाही. म्हणजे प्रयोगशाळेशी नाते तोडता येत नाहीच, फक्त तिचे काम बदलते. रोजचा माल यंत्राने तपासायचा आणि यंत्र प्रयोगशाळेने.

खिशात मावणाऱ्या स्वस्त यंत्रांविषयी थोडक्यात. त्यातली बरीचशी ७४० ते १०७० नॅनोमीटर अशा आखूड पट्ट्यात पाहतात. तेवढ्यात पाणी आणि चरबी ढोबळमानाने कळतात, पण प्रकाश बोटाएवढ्या जागेत पडतो आणि अखंड मांसात हात जरा सरकला की चरबीच्या शिरेवरून तो लाल तंतूवर जातो. ग्राहकाने मटणवाल्याच्या दुकानात ते धरावे आणि ताजेपणाचा निवाडा करावा, ही कल्पना मला तरी गंमत वाटते. रामन वर्णपटमापनाची गोष्ट निराळी. १९२८ मध्ये सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात दाखवलेल्या परिणामावर ते उभे आहे. पाणी त्यात क्षीण दिसते, त्यामुळे ओल्या मांसातली चरबी किती असंतृप्त आहे हे तिथे स्वच्छ कळते. पण यंत्र महाग आणि मांसाची स्वतःची प्रतिदीप्ती आड येते. आज तरी ते संशोधकाच्या टेबलावर शोभते.

खरेदी ठरलीच, तर करारात दोन गोष्टी लिहून घ्या. कॅलिब्रेशन आणि मूळ वर्णपट तुमच्या मालकीचे असतील आणि कोणत्याही संगणकावर उघडणाऱ्या रूपात तुम्हाला मिळतील, ही पहिली; नाहीतर कंपनीशी बिनसल्यावर सगळी मेहनत त्यांच्या कुलपात राहते. दिवा बदलला की आकडे सरकतात, म्हणून दिवा बदलल्यावर जुळणी कोणी आणि किती दिवसांत करायची, ही दुसरी. कारखान्यात एक वही ठेवा. दर आठवड्याला चार-पाच नमुने यंत्रावरून आणि प्रयोगशाळेतून दोन्हीकडे जाऊ द्या आणि फरकाची नोंद आलेखावर चढवा. फरक शून्याच्या दोन्ही बाजूंना हिंदकळत राहिला तर हात लावू नका. ओळीने सात-आठ वेळा एकाच बाजूला पडला तर आधी काच, तापमान, दिवा पाहा आणि मगच समीकरणाला हात घाला. शेवटचा हप्ता मात्र एका परीक्षेनंतरच द्यावा: तुमच्याच मालाचे, कॅलिब्रेशनमध्ये न घेतलेल्या जनावरांचे तीस नमुने तिऱ्हाईत प्रयोगशाळेत तपासून घ्या, निकाल पाकिटात बंद ठेवा, विक्रेत्याच्या माणसाकडून तेच तीस नमुने यंत्रावर वाचून घ्या, त्याने आकडे लिहून सही केली की पाकीट फोडा, आणि करारात ठरवलेल्या चुकीच्या आत आकडे बसले तरच धनादेशावर सही करा.